खोंड वळू म्हणून ठेवावा का?



खिल्लार गाईचा गोऱ्हा दीड वर्षाचा झाला, वशिंड उठू लागले, शिंगाला वळण बसले की घरातले कोणीतरी म्हणतेच, "याला बडवायचा नाही, वळूच ठेवू." बैल वाईट निघाला तर एक जोडी बिघडते. वळू वाईट निघाला तर वर्षाला चाळीस-पन्नास वासरे बिघडतात, आणि ते कळायला तीन-चार वर्षे जातात. म्हणून खोंडाआधी त्याची आई पाहावी.

खोंडाच्या अंगावर दिसते त्यातले बरेचसे वैरणीचे व पाजलेल्या दुधाचे असते. ते पुढच्या पिढीत उतरत नाही. आई पहिल्यांदा कितव्या वर्षी व्याली, दोन वेतांत अंतर किती पडते, वासराला पोटभर पाजते का, अंगावर धावून येते का, हे विचारावे. याच गाईचे आधीचे बैल उसाच्या गाडीला कसे चालले हे तर गावात सगळ्यांना ठाऊक असते. बापाचीही तीच चौकशी. रेतन केले असेल तर कांडीवर वळूचा क्रमांक असतो, तो भरवतानाच वहीत लिहून घ्यावा. बाप कोण हेच माहीत नसेल तर आमच्या मते पुढचा विचारच नको.

जर्सी किंवा होल्स्टीनचा संकरित गोऱ्हा तर घरी वळू म्हणून ठेवूच नये. अशा पुष्कळ वळूंचे वीर्य हलके निघते, आणि मुलींच्या दुधाची खात्री काहीच नाही. त्या कामाला पारख झालेल्या वळूची कांडी स्वस्त पडते.

मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा ग्राह्य धरल्यापासून पळणाऱ्या खोंडांना भाव आला आहे. पण एक खोंड पळाला म्हणजे त्याची वासरे पळतील असे नाही. त्याची भावंडे कशी आहेत ते आधी बघा!

आदत खोंड दोन दाती झाला की पुन्हा पारख करावी. दोन्ही अंडे खाली उतरलेली, सारख्या आकाराची व हाताला घट्ट लागली पाहिजेत. एकच उतरले असेल तर तो खोंड बाद, कारण हा दोष वंशात जातो. चालताना मागचे पाय एकमेकांना घासू नयेत, खूर फाकलेले नसावेत. सांसर्गिक गर्भपातासाठी रक्त तपासून घ्यावे. या रोगाची लस फक्त कालवडींना देतात, आणि हा रोग माणसालाही होतो.

आपल्याकडे गळितात वाढे फुकट मिळते, म्हणून खोंड त्यावरच वाढतो. वाढ्यातील ऑक्झॅलेटमुळे अंगातला चुना कमी पडतो. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, सोबत लसूणघास व क्षारमिश्रण द्यावे. वळू तीन वर्षांचा झाल्यावरच गाईवर सोडावा, आणि आठवड्यातून दोन-तीन वेळांहून जास्त नको. लाळ-खुरकुताचा ताप येऊन गेला तर दोनेक महिने गाई उलटण्याची शक्यता असते. तेवढ्यावरून वळूला नावे ठेवू नयेत.

देवाला सोडलेल्या पोळाची गोष्ट वेगळी नाही. तीन-साडेतीन वर्षांत त्याच्याच मुली माजावर येतात आणि त्याच त्याला दाखवल्या जातात. मग वासरे खुरटी होतात, गाई गाभण राहत नाहीत, आणि दोष दिला जातो वैरणीला. तीन वर्षांनी वळू लांबच्या गावाशी बदलावा. तशी सोय नसेल तर ठेवूच नये, कारण मार्च २०१५ पासून राज्यात बैल व वळूंची कत्तल बंद आहे. नको झालेला वळूही दावणीला पोसावा लागतो.

ठेवायचा नाही असे ठरले तर दिरंगाई करू नये. दोन दाती खोंड मोकळा फिरला तर गल्लीतल्या गाई तोच फळवतो. जुन्या पद्धतीने ठेचून हाल करू नयेत, डॉक्टरांकडून चिमट्याने खच्चीकरण करून घ्यावे. दोन्ही बाजूंच्या नसा दबल्या की नाही हे त्यांच्याकडून पाहून घ्यावे. आणि चिमटा लावल्यावरही महिना-दीड महिना खोंड गाईंपासून वेगळा बांधावा, तेवढे दिवस गाय गाभण राहू शकते.