खाटेजवळची शाळा

मुलांनो, शेजारच्या मित्राची नाडी मोजून पाहा. सोपे वाटते, नाही का? आता समोर तापाने कण्हणारा, हात झटकणारा रुग्ण आहे असे समजा. मग कसे मोजाल? हे पुस्तकात शिकता येत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हे ओळखले होते. क्रिमियाच्या युद्धातील त्यांच्या सेवेबद्दल लोकांनी मोठा निधी जमवला होता. शाळेसाठी पैसा होता, पण वॉर्ड नव्हते. ते लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाकडे होते. दोघांत करार झाला आणि 1860 साली तेथे परिचारिकांची शाळा निघाली. मुलींच्या राहण्याजेवणाचा खर्च निधीने उचलला, शिकवण्याचे काम रुग्णालयाने घेतले. मुली वर्षभर तेथेच राहत. जखम धुणे, पट्टी बांधणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलणे, हे सारे त्या खाटेजवळ शिकल्या. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, विश्वासूपणा यांचीही दरमहा नोंद होई. (आपल्या प्रगतिपुस्तकातही असा रकाना हवा!)

पण रुग्णालयाला कामासाठी हात हवे असतात आणि शाळेला शिकणाऱ्या मुली. सेंट थॉमसमध्येही मुलींना काम भरपूर पडे आणि अभ्यास मागे राही. फुकटची मजूर म्हणजे विद्यार्थिनी नव्हे. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असे प्रमाण ठरवले आहे. सरकारी रुग्णालयात कधी गेलात, तर गणवेशातील या मुलामुलींकडे पाहा. त्यांच्यासोबत शाळेच्या शिक्षिका आहेत का, तेही पाहा.