माणसाळलेला हत्ती आणि पाळीव गाय

चेन्नईच्या टी. नगरमधील गर्दीत शांतपणे रवंथ करणारी वशिंडाची गाय आणि निलगिरीतील तेप्पकाडूच्या छावणीत माहुताची आज्ञा पाळणारा हत्ती, या दोहोंनाही सामान्यतः पाळीव म्हटले जाते. वास्तविक हत्ती केवळ माणसाळलेला आहे. छावणीतील हत्तिणींनाही पुष्कळदा रानातील नरापासूनच पिले होतात. त्यामुळे त्यांची देहरचना रानटी हत्तींहून वेगळी झाली नाही. गाईचे तसे नाही. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सुमारे 8,000 वर्षांपूर्वी गुरे पाळली जाऊ लागली, आणि त्यांचा आकार हळूहळू घटत गेल्याचे तेथील हाडांवरून दिसते. त्यांचा रानटी पूर्वज तर नामशेषच झाला.

1959 साली सायबेरियात द्मित्री बेल्यायेव यांनी रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग आरंभिला. प्रत्येक पिढीतील सर्वांत निर्भय व सौम्य कोल्हे तेवढे प्रजननासाठी निवडले जात. काही दशकांतच ते कुत्र्यांप्रमाणे शेपूट हालवू लागले. काहींचे कानही लोंबते झाले. (अशी काही शारीरिक लक्षणे त्यांच्या पूर्वजांत आधीपासूनच होती, असा आक्षेप 2019 साली घेतला गेला; स्वभावातील पालट मात्र सर्वमान्य आहे.)

कोल्ही दरवर्षी विते. हत्तीण 20 ते 22 महिने गर्भ वाहते, आणि तिचे पिलू वयात येण्यास दहा-बारा वर्षे लागतात. इतका धीर कोणत्या राजाला असणार? त्यापेक्षा रानातील हत्ती धरून आणणेच त्याला परवडे, आणि तितके हत्ती रानातून उणे होत.