निफाड ते दिल्ली: हवेतलं अंतर कागदावर काढा

लागेल ते एवढंच: मुलांचा शाळेचा नकाशासंग्रह, पेन्सिल आणि साइन-कोसाइनवाला कॅल्क्युलेटर. मोबाइलमधला आकडा शेवटी ताळा करायला ठेवा.

पहिलं काम, रेल्वेचे किलोमीटर विसरायचे. नाशिक रोडहून दिल्ली साडेतेराशेच्या घरात पडते, कारण गाडी भुसावळ, इटारसी, भोपाळ करत जाते. विमानाला त्या वळशाशी देणंघेणं नाही.

आता दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश मांडा. आपला विमानतळ ओझरचा. १९६४ साली मिग विमानांसाठी एचएएलचा कारखाना आला, तिथलाच. ओझर २०.१ उत्तर, ७३.९ पूर्व. दिल्ली २८.६ उत्तर, ७७.१ पूर्व. अक्षांशांत फरक ८.५ अंशांचा. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी., कुठेही मोजा. गुणाकार ९४३.

रेखांशांशी मात्र जपून. विषुववृत्तावर त्यांच्यातही १११ कि.मी. असतात, पण ध्रुवाकडे जाताना ते संत्र्याच्या फोडींसारखे निमुळते होत जातात. म्हणून दोन्ही गावांच्या मधला अक्षांश घ्या, साधारण २४. त्याच्या कोसाइनने १११ ला गुणलं की १०१ येतात. फरक ३.२ अंश, म्हणजे ३२३ कि.मी. पुढे दहावीतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर ९९७. हजार धरा.

लंडनसारख्या लांबच्या शहराला ही रीत लावू नका, पृथ्वीची गोलाई दगा देते. तिथे पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा, दोऱ्याच्या लांबीला गोलाच्या घेराने भागा आणि ४०,००० ने गुणा. मुंबई-लंडन ७,२०० कि.मी.च्या आसपास भरेल.

वेळेचं गणित सोपं. जेट विमान उंचीवर तासाला ८०० कि.मी. तरी कापतं, हजाराला सव्वा तास. धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं याचा अर्धा तास. झाले पावणेदोन. वेळापत्रकात दोन तासांच्या आसपास लिहिलेलं असतं. कंपन्या हात थोडा सैल सोडतात.

पण हे झालं ओझर-दिल्ली. निफाडच्या घराचं कुलूप लावल्यापासून मोजा. ओझर पंचवीसेक कि.मी., तरी तास धराच. कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग पुढे लागली की हॉर्न वाजवून काही होत नाही. विमानतळावर दीड तास आधी. दिल्लीत उतरल्यावर बॅग आणि मेट्रो मिळून आणखी दीड.

बेरीज सहा तास. दिल्लीच्या पाहुण्यांना फोनवर ‘दोन तासांत आलोच’ असं सांगू नका. आणि डिसेंबर-जानेवारीत, तिकडे धुकं असताना, त्याच दिवशीचं दुसरं कुठलंही काम ठरवू नका.