पोथी वाचणारी आजी साक्षर की निरक्षर?

प्रश्न : माझी आजी ऐंशीच्या पुढची आहे. चष्मा लावून रोज पोथी वाचते, सातबाऱ्यावरची नावंही वाचते. पण लिहिता येत नाही. सहीची वेळ आली की अंगठा पुढे करते. सरकारी हिशेबात ती साक्षर की निरक्षर? आणि साक्षर व सुशिक्षित यांत फरक काय?

उत्तर : जनगणनेच्या व्याख्येनुसार तुमची आजी निरक्षर. वय सात किंवा त्याहून जास्त आणि कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणं, दोन्ही, ही अट आहे. नुसतं वाचता येणाऱ्याला साक्षर धरत नाहीत. शाळेत गेलंच पाहिजे असं मात्र नाही. ब्रेलमध्ये वाचता येणारी अंध व्यक्तीही साक्षरच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साक्षरतेचं प्रमाण सुमारे ८२ टक्के होतं ते याच मोजपट्टीने.

ही व्याख्या मला जाचक वाटत नाही. वाचणारा दुसऱ्याचं ऐकून घेतो; लिहिणाऱ्याला स्वतःचं म्हणणं मांडता येतं. पिढ्यान्‌पिढ्या बायकांना पोथीपुरती अक्षरओळख मिळाली, टाक हाती दिला गेला नाही, यामागे काहीतरी कारण होतंच.

सुशिक्षित कोण, याला सरकारी व्याख्या नाही. आपण पदवी बघून तो शब्द वापरतो आणि तिथेच चुकतो. माझ्यापुरतं उत्तर मुक्ता साळवेपाशी आहे. मांग समाजातली ही मुलगी पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकली. १८५५ मध्ये, चौदाव्या वर्षी, तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, हे तिने त्यात देवालाच विचारलं. आज तिला चौथीचा दाखलाही मिळाला नसता! पण शिकलेली अक्षरं तिने आपल्या लोकांच्या हालांकडे वळवली, कारण विचारलं. याहून वेगळी सुशिक्षितपणाची खूण मला माहीत नाही.

यावर बहिणाबाई चौधरींचं नाव हमखास निघतं. त्यांना कुठे लिहितावाचता येत होतं? खरं आहे, आणि त्यांच्याइतकी जाण पदवीधरांत शोधावी लागेल. पण खानदेशातल्या त्या माउलीच्या ओव्या आपल्यापर्यंत पोचल्या त्या मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांच्या मावसभावाने ऐकून उतरवून घेतल्या म्हणून. पुस्तक आलं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. जात्यावर सुचलं आणि कुणी टिपलं नाही असं किती गेलं असेल, याची मला फार हळहळ वाटते. त्यामुळे ‘निरक्षर असून केवढी शहाणी’ या कौतुकावर थांबायला माझं मन घेत नाही.

लिहायला शिकायचं वय टळून जात नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून साठी-सत्तरीच्या बायका बाराखडी गिरवायला बसल्या. तुमच्या आजीला तर वाचता येतं, अर्धी वाट सरलीच आहे. पोथीतली तिची आवडती ओवी पाटीवर उतरवायला सांगा. हात बसला की मग तिच्या माहेरच्या गावाबद्दल चार ओळी लिहायला सांगा. शुद्धलेखन तपासू नका.