यंत्रांनाही वारा हवा

ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तीच आजची ‘भारतनेट’. कऱ्हाकाठच्या मोरगावसारख्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या गावी संगणकजाळ्याची उपकरणे थंड राखणे हे लोकसेवेचेच अंग होय. उपकरण जेवढी वीज घेते, जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकते. मांडणीवरील बहुतेक उपकरणे समोरून गार हवा घेतात व मागून तप्त हवा सोडतात. म्हणून सर्वांची तोंडे एकाच दिशेस असावीत. रिकामे कप्पे पट्टीने झाकावेत. अन्यथा तप्त हवा पुन्हा पुढे येते. आत शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असणे इष्ट. मांडणी भिंतीस टेकवू नये. धूळ नियमित झाडावी. एवढी दक्षता घेतल्यास, उपकरण तापून बंद पडले म्हणून जन्माच्या दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास रिकाम्या हाती परतावे लागणार नाही.