सगळ्यांना एकच शुभेच्छा नको गं

अगं, परवा तू म्हणालीस ना, "ताई, यंदा दिवाळीला कुणालाच काही पाठवणार नाही. सगळे नुसतं फॉरवर्ड करतात, वाचतं कोण?" तुझा वैताग मला कळतो. शाळेचा ग्रुप, कॉलेजचा, ऑफिसचा, सोसायटीचा, भिशीचा, सासरचा, माहेरचा. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत फोन थांबत नाही आणि त्याच त्या पणत्यांची चित्रं पुसता पुसता अंगठा दुखून येतो. पण म्हणून सगळंच बंद करायचं, हे काही मला पटत नाही. शुभेच्छा पाठव, फक्त शेकडो माणसांना एकाच मापानं मोजू नकोस.

तुला वाटत असेल, ही कटकट व्हॉट्सअॅपनं आणली. तसं नाही गं. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थाला नाताळच्या एवढ्या पत्रांना उत्तरं लिहिणं जमेना, म्हणून त्यानं चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं आणि त्याच्या हजारेक प्रती छापून घेतल्या. नाताळचं पहिलं छापील शुभेच्छापत्र ते हेच, असं मानतात. मला त्यातली आवडते ती एकच गोष्ट. मजकूर सगळ्यांना सारखा होता, पण कुणाला आणि कुणाकडून, या दोन जागा कोऱ्या सोडल्या होत्या. नावं हातानं लिहायची होती. पुढे ३ डिसेंबर १९९२ ला पहिला एसएमएस गेला, त्यातही 'मेरी ख्रिसमस' एवढंच होतं, पण तो एका माणसाला पाठवलेला होता. म्हणजे घाईच्या माणसानं तयार मजकूर वापरावा, त्यात लाज नाही. नाव तेवढं आपण लिहावं.

आता कामाचं सांगते. धनत्रयोदशीच्या आधी एका निवांत दुपारी फोनमधली यादी उघडून बस. आधी ज्यांच्या घरी या वर्षी कुणी गेलंय, ती नावं बाजूला काढ. आपल्याकडे अशा घरी त्या वर्षी फराळ करत नाहीत, नातेवाईक आणि शेजारी नेऊन देतात. तिथे फटाक्यांचं चित्र आणि 'ही दिवाळी आनंदाची जावो' जाऊन पडलं, की वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं. त्यांना फोन कर किंवा डबा घेऊन जा. अगदीच लांब असतील तर लिही, "काकू, या दिवसांत तुमची आठवण येतेय." तेवढं पुरे.

मग हाताच्या बोटांवर मोजता येतील अशी माणसं निवड. शाळेतल्या बाई, एकटी राहणारी आत्या, नोकरी गेलेला मित्र, पहिल्यांदाच घरापासून लांब दिवाळी करणारी भाची. यांना दोनच ओळी लिही, पण दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाहीत अशा. "आत्या, तुझ्यासारखी जाळी माझ्या अनारशांना यंदाही पडली नाही, कधी शिकवतेस?" असं लिहिलंस की आत्याचा फोन येतोच. आणि भाची न्यू जर्सीत असेल, तर आपल्या अभ्यंगस्नानाच्या वेळी तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. तेव्हा तेल लावता लावता व्हिडिओ कॉल केलास तरी चालेल.

उरलेल्या मोठ्या गोतावळ्याला ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. एका यादीत २५६ जणांपर्यंत माणसं बसतात, प्रत्येकाला निरोप वेगळा जातो आणि उत्तर फक्त तुलाच येतं. मात्र ज्यांच्या फोनमध्ये तुझा नंबर सेव्ह आहे, त्यांनाच तो पोचतो. एकगठ्ठा पाठवायचा म्हणून उसनं काव्य नको. तुझ्या रांगोळीचा फोटो आणि तुझ्या घरातल्या सगळ्यांची नावं, बस्स. ज्या निरोपावर दोन बाण दिसतात, तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला असतो. २०२० पासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे ढकलता येतो. दोन बाण दिसले की समज, ही शिळी भाकरी आहे, पाहुण्याच्या पानात वाढायची नाही.

ग्रुपवर मात्र हात आखडता घे. एकदाच सगळ्यांना मिळून शुभेच्छा दे आणि ग्रुप म्यूट कर. प्रत्येकाला वेगळं 'धन्यवाद, आपणांसही' लिहीत बसलीस, तर बाकीच्यांचे फोन उगाच वाजत राहतात.

आणखी एक, सण कुणाचा आणि कसला, ते बघून लिही. दसऱ्याला तुझ्या ऑफिसमधली एखादी मैत्रीण सोनं वाटत नसेल. १९५६ साली अशोक विजयादशमीला बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, म्हणून तिच्यासाठी तो धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. तिला 'जय भीम' म्हणून त्याच दिवसाच्या शुभेच्छा दे. दिवाळी पाडव्याला गुजराती शेजारणीला 'साल मुबारक' म्हण, तिचं नवं वर्ष सुरू होतं. मोहरमला आणि गुड फ्रायडेला 'हॅपी' जोडून पाठवणारे लोक आहेत गं! एक इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याच्या शोकाचा महिना, दुसरा येशूला क्रूसावर चढवल्याचा दिवस. अशा वेळी काही न पाठवणं हीच चांगली रीत. ईदला मात्र 'ईद मुबारक' जरूर म्हण, आणि शीरखुर्म्याची चौकशीही कर.

सणाच्या गर्दीत भामटेही असतात. 'तुमच्या नावाची शुभेच्छा उघडा' म्हणून लिंक आली, किंवा नावाच्या शेवटी एपीके असलेली फाइल आली, तर हात लावू नकोस. ती ओळखीच्या नंबरवरून आलेली असली तरी नको, कारण त्याचाच फोन आधी कुणी ताब्यात घेतलेला असू शकतो. शुभेच्छापत्र कधी इन्स्टॉल करावं लागत नाही, एवढं लक्षात ठेव आणि आईबाबांनाही एकदा सांगून ठेव.

शेवटचं म्हणजे, निळ्या टिका मोजत बसू नकोस. कुणी वाचलं, कुणी उत्तर दिलं नाही, या हिशोबानं सण नासतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बायकांचे हात कणकेत आणि तेलात असतात, उत्तर कुठून देणार? तू मनापासून लिहिलंस, तुझं काम झालं.

आणि हो, मला यादीत टाकू नकोस. नाचणाऱ्या पणतीचं जीआयएफ माझ्याकडे आलं, तर मी त्याला साधा अंगठाही दाखवणार नाही. दोन ओळी लिही. अशुद्ध असल्या तरी चालतील, तुझ्या असल्या म्हणजे झालं.