कॉटखालचा डबा

गगनबावड्याच्या एसटीतून दर बुधवारी कोल्हापूरला डबा यायचा. नाचणीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी मटकीची उसळ. अकरावीतला तो मुलगा स्टँडवरून डबा आणायचा आणि खोलीत आल्याआल्या कॉटखाली सारायचा. ती काळी भाकरी चारचौघांत उघडायची कशी? बाहेर वडापाव होता, चहा होता. मेसचा नाश्ता सकाळी सातला. रात्री एकपर्यंत जागणाऱ्याला तो कुठला मिळायला!

सहामाहीत गणितात ३१ पडले. दुसऱ्या तासाला डोळे मिटायचे, जिना चढला की धाप लागायची. "वाटायचं, आपलं डोकंच कमी," तो आज सांगतो. घरच्यांनी मोबाइलला बोल लावला. शेवटी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन १०.२. पंधरा वर्षांपुढच्या मुलग्यांत १३ च्या खालचा आकडा म्हणजे रक्तक्षय.

डॉक्टरांनी दिवसभराचं खाणं मोजायला लावलं: दोन वडापाव, चार कप चहा, रात्री भात.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा लागते सुमारे २० टक्के. त्यात जेवणासोबत घेतलेला चहा अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाचे ३१ टक्के मुलगे आणि ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे तो एकटा नव्हता.

खेड्यातल्या पोराचं शिक्षण राहण्या-जेवणापाशी अडतं, हे ओळखून राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये याच शहरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं. पुढे इथे एकेका समाजाची बोर्डिंगं निघाली. ताट मिळालं, पण त्यावर वेळेत बसायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

नव्या पोरांना तो सांगतो: सकाळ चुकणार असेल तर रात्रीच उशाशी गूळ-शेंगदाणे ठेवा. उसळीवर लिंबू पिळा, लोह नीट शोषलं जातं. चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा. धाप, झापड हटत नसेल तर रक्त तपासा. मनानं गोळ्या घेऊ नका. आणि नाचणीला लाजू नका, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

वार्षिकला त्याला ५८ मिळाले. "शिकवणीही लावली होती," हेही तो लपवत नाही.

आता पुतण्या कोल्हापुरात शिकतो. त्याच्या डब्यात आठ भाकरी जातात. चार पहिल्याच रात्री खोलीतली पोरं पळवतात.